रेस सोडल्यावर

प्रिय ढब्बू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. बाबा पुढे दुकानात करवतीच्या साखळीला धार लावत बसलेत. मी मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर झाकण ठेवून त्याचंच टेबल केलंय. या पत्राला आज चौथा दिवस. एक पान लिहिते, वाचते, फाडते. आता फाडायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा जे कागदावर उमटेल ते तुझ्या वाट्याला येईल. तुला ढब्बू म्हणायचं वय गेलं हे मला कळतं. तुझ्या लेकीसमोर हे पत्र उघडू नकोस म्हणजे झालं.

शाळेचा माळी तुला आठवत असेल. बुटका, हसरा, कायम कानावर पेन्सिल खोचलेला. तो आता पिकलाय, पण पेन्सिल अजून आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या पायाला लाकूड कापायची चेनसॉ लागली. पोटरीला चौदा टाके पडले. वाऱ्याने शाळेच्या आवारात एक मोठी फांदी पडली होती, ती तो कापत होता. एक तुकडा कापून झाला, त्याने रेस सोडली, मशीन एका हातात खाली धरलं आणि दुसऱ्या हाताने डहाळ्या बाजूला ओढायला वाकला. रेस सोडल्यावर साखळी थांबायला हवी. ती थांबली नव्हती, सावकाश फिरत होती. तिने आधी पँट धरली, मग पाय. नशीब म्हणून हाडापर्यंत गेली नाही. आता काठी टेकत चालतो, डॉक्टर म्हणतात काठीही सुटेल. ते मशीन आदल्याच दिवशी आपल्या दुकानातून दुरुस्त होऊन गेलं होतं.

हे वाचून तुझा हात कपाळावर गेला असेल. जरा थांब, मला ओळीने सांगू दे. मी दमलेय रे. सगळं एकदम मनात येतं आणि लिहायला घेतलं की एकेक शब्द ओढून आणावा लागतो.

तू गेलास त्याला आता सहा वर्षं झाली. तू गेल्यावर पहिले काही महिने दुकान नेहमीसारखं चाललं, निदान बाहेरून तसंच दिसायचं. मग मशीनं परत यायला लागली. तक्रार एकच, रेस सोडली की बंद पडतं. किंवा उलट, रेस सोडली तरी भणभणत राहतं. बाबा सगळं रीतसर करायचे. एअर फिल्टर धुवायचे, प्लग काढून बघायचे, टाकीतला फिल्टर बदलायचे, कार्बोरेटर उघडून फुंकर मारायचे, धुराच्या नळीतली काजळलेली जाळी ब्रशने घासायचे. हात त्यांचा आजही तसाच आहे, डोळे मिटून काम करतील. पण सगळं करून झाल्यावर शेवटी मशीन चालू करून आयडलिंग, म्हणजे रेस सोडल्यावरचा वेग, स्क्रूवर ऐकत लावायचं असतं ना, तिथे गाडी अडायची. ते डोकं वाकडं करून, एक डोळा बारीक करून उभे राहायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय कसबी माणूस आहे, कसा कान लावून ऐकतोय. मला माहीत होतं की ते काहीच ऐकत नाहीयेत, हाताला थरथर किती लागते तेवढंच बघतायत.

एकदा अकराच्या चहाला मी कप घेऊन गेले तर ते एका मशीनशी झटत होते. कप ठेवता ठेवता माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून वर-खाली होतंय." मला मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो आवाज माझ्या कानाला खटकला. दम लागलेला माणूस कसा श्वास घेतो, एक लांब, एक तोकडा, तसा. बाबांनी माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी स्क्रू जरासा फिरवला आणि विचारलं, "आता?" मी म्हटलं, "बरंय, पण मध्येच अडखळतंय." परत फिरवला. "आता?" मग तो श्वास एकसारखा झाला. मी मान डोलावली. त्यांनी मशीन बंद केलं, चहा प्यायले, आणि आम्ही दोघांनीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत त्यांनी तीन मशीनं तशीच ठेवली होती.

तिथून ते सुरू झालं. आधी मी चहा घेऊन जायचे, मग शिवण घेऊन जायला लागले, मग माझं स्टूलच दुकानात गेलं. गिऱ्हाइकांना सांगायचे, आत उजेड कमी पडतो म्हणून इथे बसते. हातात कुणाच्या तरी पँटीची उसवलेली शिवण असायची आणि कान मशीनकडे. बोललं तर गिऱ्हाइकाला कळेल, म्हणून हाताच्या खुणा ठरल्या. ठरल्या म्हणजे कुणी ठरवल्या नाहीत, आपोआप झाल्या. तळहात डोलवला की मशीन डोलतंय. बोट खाली केलं की रेस जास्त आहे. मूठ झाली की मरतंय, वाढवा. एकदा एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "काकू, तुमच्या हाताला कंप आहे का? दाखवून घ्या कुणाला तरी." बाबांना ते ऐकू गेलं नाही, आणि मी आत जाऊन पोट धरून हसले. हसता हसता रडूही आलं, पण ते जाऊ दे.

तू दुकानात वाढलास, तुला मी काय शिकवणार. पण मला माझ्या शब्दांत सांगायचंय, म्हणजे तुझ्या आईला किती कळायला लागलं तेही तुला कळेल. फिल्टर तुंबला असला की आवाज बसलेल्या घशासारखा येतो, रेस दिली की खाकरतं. पेट्रोल जास्त जात असलं की आवाज जड होतो, जेवण अंगावर आलेल्या माणसासारखा. आणि कुठून तरी हवा शिरत असली की मशीन टाचा उचलून चालल्यासारखं वाजतं. रेस सोडली तरी खाली उतरत नाही, वरच रेंगाळतं, मग एकदम उतरतं. बाबांनी मला हे कधी सांगितलं नाही. मी खूण करायचे, ते उघडायचे, आत जे निघेल ते मला न बोलता दाखवायचे. फाटलेली पातळ चकती, कुजलेली नळी, केसाएवढी चीर. तशी मी शिकले. गाण्यातला सूर मला जन्मात कळला नाही, आणि या वयात कळला तो हा.

तुला वाटेल, आई मजेत होती. काही दिवस होतेही, खोटं कशाला बोलू. नंतर नंतर मात्र त्याचं ओझं झालं. मला कुठे जाता येईना. मावशीकडे एक दिवस गेले तरी मनात मशीनं. ताप आला तरी अंगावर शाल घेऊन स्टुलावर. आणि दुकानापुरतंच असतं तर गोष्ट वेगळी. बँकेत बाई काय म्हणाली ते मी सांगायचं, डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगायचं, शेजारचा जिन्यात काय बोलला ते मी सांगायचं. एक वाक्य तीनदा, तिसऱ्यांदा ओरडून. ओरडलं की म्हणायचे, "चिडतेस कशाला?" मी चिडत नव्हते. मी थकले होते. आणि ते ऐकू येत नाही असं कधीच म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "लोक हल्ली पुटपुटतात." अख्खं गाव पुटपुटत होतं आणि मी एकटी स्पष्ट बोलत होते.

तर दोन महिन्यांपूर्वी मावशी न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, आणि मला चार दिवस जावं लागलं. निघताना मी म्हटलं, "आयडलिंगची कामं ठेवून द्या, मी आल्यावर बघू." असं उघड मी पहिल्यांदाच बोलले होते. बाबांचा चेहरा एवढासा झाला आणि लगेच ताठ झाला. "चाळीस वर्षं हे काम मी तुला विचारून केलं का?" एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. मला बस गाठायची होती. मी वाद घातला नाही. आयुष्यभर मी हेच केलंय, बस गाठायची असते म्हणून वाद घातला नाही.

त्या चार दिवसांत माळी मशीन घेऊन आला. रेस सोडली की बंद पडतं, हीच तक्रार. बाबांनी सगळं केलं, मला नंतर त्यांनी ओळीने सांगितलं. प्लग नवा टाकला, फिल्टर धुतला, कार्बोरेटर साफ केला. हवा शिरते का ते बघायला कार्बोरेटरच्या आजूबाजूला फवाराही मारला. फवारा मारल्यावर आवाज बदलला तर समजायचं की तिथे फट आहे. आवाज बदलला असणार. त्यांना तो ऐकू गेला नाही. मग त्यांनी रेसचा स्क्रू थोडा वाढवला, मशीन बंद पडेनासं झालं. साखळीकडे बघितलं, ती थांबलेली होती. माळी दारात ताटकळत होता, फांदी आवारातल्या वाटेवर आडवी, मुलांची ये-जा. बाबांनी मशीन त्याच्या हातात दिलं.

मी परत आले त्याच दुपारी शाळेच्या कारकुनाने ते मशीन आणून टाकलं. म्हणाला, "माळ्याला लागलंय, त्याचीच चूक म्हणतोय, ब्रेक लावायचा विसरला. तरी एकदा बघून ठेवा." माझी पिशवी अजून खांद्यावरच होती, तशीच स्टुलावर टेकले. बाबांनी मला काही विचारलं नाही, मशीन चालू केलं. सुरुवातीला छान चाललं, मीच म्हटलं असतं की ठीक आहे. मग त्यांनी दोन-चार मिनिटं रेस देऊन ते तापवलं आणि सोडलं. ते खाली आलंच नाही. टाचा उचलून तसंच वर रेंगाळत राहिलं, आणि रेंगाळता रेंगाळता आणखी चढायला लागलं. बाबा माझ्या हाताकडे बघत होते. माझा हात मांडीवर होता, तो मला उचलवेना. खूण केली की संपलं, हे मला ठाऊक होतं. माळी स्वतःचीच चूक म्हणतोय, कारकुनाला काही कळत नाही, मी मान डोलावली असती तर जगात कुणालाही पत्ता लागला नसता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाबांनीच शेवटी माझ्यावरची नजर काढून साखळीकडे बघितलं. ती फिरत होती, अगदी हळू.

त्यांनी मशीन बंद केलं आणि तिथेच उघडलं. कार्बोरेटर आणि इंजिन जोडणारं ते रबर असतं ना, त्याच्या खालच्या बाजूला चीर होती. सरळ धरलं तर दिसायची नाही, वाकवलं की ओठासारखी उघडायची. थंड असताना मशीन सांभाळून घ्यायचं, तापलं की त्या चिरेतून हवा ओढून बेफाम व्हायचं. बाबा ते रबर वाकवून उघडत होते, मिटत होते. म्हणाले, "फवारा मारला होता मी. ऐकलं होतं." मग थांबले. "ऐकलं म्हणजे... बघितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, ते रबर रुमालात गुंडाळलं आणि मला म्हणाले, "चल." कुठे ते विचारायची गरज नव्हती. माळ्याच्या दोन खोल्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आहेत. तो पाय स्टुलावर टाकून बसला होता, आम्हाला बघून उठायला लागला. त्याची बायको खिडकीशी कपड्यांना इस्त्री करत होती. बाबांनी बसायच्या आधीच रुमाल सोडला, रबर वाकवून त्याला दाखवलं आणि सांगितलं, "ब्रेकचं सोड. चूक माझी आहे. हवा शिरत होती, मला ऐकू आली नाही. मला ऐकू येतच नाही." माझ्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. माळी बिचारा ओशाळला. "अहो मिस्त्री, मशीन म्हटलं की असं व्हायचंच, वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना," असं काहीबाही बोलत राहिला.

त्याची बायको मात्र थांबली. इस्त्री उभी करून ठेवली. आमच्याकडे न बघता, खिडकीकडेच तोंड करून, आवाज न चढवता म्हणाली, "ऐकू येत नव्हतं तर इतकी वर्षं लोकांच्या हातात मशीनं कशी दिलीत?"

बाबांना तिचे ओठ दिसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "काय म्हणाल्या?"

राजा, पाच वर्षं मी लोकांची बोलणी गाळून त्यांच्यापर्यंत पोचवली होती. बँकेतली बाई खेकसली की मी सांगायचे, उद्या या म्हणतायत. कुणी म्हाताऱ्याला टोमणा मारला की मी सांगायचे, तब्येत विचारतायत. त्या क्षणीही माझ्या जिभेवर आलंच होतं, चहा घेणार का विचारतायत. ते सांगितलं असतं तर ते चहा नको म्हणाले असते, आम्ही घरी आलो असतो. मी त्यांच्या कानाशी जाऊन तिचं वाक्य जसंच्या तसं, एक शब्द न गाळता सांगितलं. खोली लहान होती, आणि मला ओरडूनच सांगावं लागलं. बाहेर मैदानावरच्या मुलांनाही ऐकू गेलं असेल. आणि मग तिला म्हटलं, "मी ऐकत होते, बाई. यांच्या वतीने मीच ऐकत होते. त्या दिवशी मी इथे नव्हते. आणि मी नसले तर काय होईल हे मला माहीत असून मी गेले."

बाबांनी ते रबर परत रुमालात गुंडाळलं. मग म्हणाले, "कळत होतं मला. सांगायची लाज वाटली." तिने इस्त्री परत उचलली, शर्टाची बाही पसरली. आम्ही निघालो तेव्हा माळी दारापर्यंत लंगडत आला, ती आली नाही. तिने यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

त्यानंतर बाबांनी गेल्या वर्षभरात आयडलिंगसाठी आलेली सगळी मशीनं परत मागवली. निरोपावर निरोप, काही ठिकाणी ते स्वतः गेले. अकरा आली. आठ दिवस मी स्टुलावर बसून एकेक ऐकलं, थंड असताना, तापल्यावर, रेस सोडल्यावर. यावेळी खुणा नाहीत, गिऱ्हाइकांसमोर सरळ तोंडाने. तीन सदोष निघाली, त्यातली दोन मी तेव्हा घाईत बरी म्हणून सोडली होती. तेही मी लोकांना सांगितलं. एका लाकूडवाल्याने भरपूर ऐकवलं, तेही बाबांना नीट पोचवलं. आता दुकानावर पाटी आहे, फक्त साखळी आणि तिच्या पट्टीची कामं होतील. धार लावायला डोळा आणि बोट लागतं, ती त्यांच्याकडे अजून आहेत. काम निम्म्यावर आलंय. मला त्याचं वाईट वाटत नाही. स्टूल परत स्वयंपाकघरात आलंय.

कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. चाळीस वर्षं कानाला काही न लावता मशीनांशेजारी उभं राहिलं की असंच होतं म्हणाले. गेलेलं परत येणार नाही. कानात घालायचं यंत्र दिलंय, त्याने थोडं ऐकू येतं, पण सगळंच एकदम येतं, भांडी, रस्ता, पंखा. बाबा सकाळी दोन तास घालतात, मग डोकं दुखतं म्हणून काढून डबीत ठेवतात. पहिल्या दिवशी घातलं तेव्हा म्हणाले, "तुझा आवाज असा होता?" मी म्हटलं, "असा नव्हता, ओरडून ओरडून झालाय."

माळ्याकडून परत येताना रस्त्यात ते जेवढं बोलले, ते तुला सांगायचं राहिलं. म्हणाले, "पोराने सांगितलं होतं." मग म्हणाले, "चारचौघांत सांगितलं म्हणून राग आला. एकट्यात सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं." तो दिवस त्यांना लख्ख आठवतो. मलाही आठवतो. दुकानात चार गिऱ्हाइकं, एक मशीन तिसऱ्यांदा परत आलेलं, बाबा म्हणतायत त्यात काही दोष नाही, आणि तू म्हणालास, "बाबा, ते वर-खाली होतंय, तुम्हाला ऐकूच येत नाहीये." त्यावर ते जे बोलले ते बोलले, दुकान माझं, कान माझे, पटत नसेल त्याने दुसरीकडे बघावं. पण मी दारातच उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. त्याच्या आधी वर्षभर मी वाहते नळ बंद करत होते, दारावरची थाप मी सांगितल्याशिवाय त्यांना कळत नव्हती. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि मी म्हणाले, "वडिलांशी असं बोलतात का? आधी माफी माग." तू एप्रन काढून खिळ्याला अडकवलास आणि गेलास. तू त्यांच्यामुळे गेलास असं तू समजत असशील. मला वाटतं तू माझ्यामुळे गेलास. तू खरं बोलत होतास, मला ते खरं असल्याचं माहीत होतं, आणि मी तुला खोटं पाडलं. त्याची माफी मी मागते. वेळेवर मागायला हवी होती.

आता हे पत्र का, ते सांगते आणि संपवते. गेल्या रविवारी तू फोनवर मला म्हणालास, "आई, बाबांना फोन देत जाऊ नकोस, ते दोन शब्द बोलतात आणि तुझ्याकडे देतात, सहा वर्षं झाली तरी त्यांचा राग जात नाही." तिथल्या तिथे सांगता आलं नाही, कारण बाबा शेजारीच माझ्या ओठांकडे बघत बसले होते. अरे, राग नाही तो. त्यांना फोनवर काही म्हणता काही ऐकू येत नाही. सहा वर्षं दर रविवारी ते फोन कानाला लावून माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतात, आणि तू बोलायचा थांबला असशील असं वाटलं की "बरं आहे, आईशी बोल" म्हणतात. तुझी बढती, तुझं घर, तुझ्या लेकीचा जन्म, सगळं त्यांना मी नंतर ओरडून सांगितलंय, तुझ्या तोंडून त्यांनी एक अक्षर ऐकलेलं नाही. ते यंत्र घालूनही फोनचं जमत नाही, करून बघितलं. तेव्हा तू त्यांना लिही. कागदावर, मोठ्या अक्षरात, त्यांच्या नावाने, माझ्या पाकिटात घालून नको. जुनं काही उकरू नकोस, माफी मागू नकोस आणि त्यांना मागायलाही लावू नकोस, त्यांना ते लिहिता यायचं नाही. तू दिवसभर काय काम करतोस, लेक काय बडबडते, एवढंच लिही. उत्तर लगेच आलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, त्यांना चार ओळी लिहायला आठवडा लागेल. आणि त्या ओळी मला विचारून लिहिलेल्या नसतील, एवढं मी बघेन. तुमच्या दोघांच्या मधलं बोलणं इकडून तिकडे न्यायचं काम मी आता सोडतेय, बाळा. माझ्याने आता होत नाही.

तुझीच,
आई